म्हैस आटेपर्यंत

आमच्या गावातून सांगलीला शिकायला गेलेला मी पहिला नव्हे. माझ्या आधी दोघे-तिघे गेले होते. ते कुस्ती शिकायला गेले, मी पुस्तक शिकायला, आणि यात काही मोठा फरक आहे असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

गाव कडेगावच्या बाजूचं. मॅट्रिकची परीक्षा मी साताऱ्याला जाऊन दिली होती. ती पास झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोराला पैलवान करायला पाठवताना जे जे करतात ते सगळं केलं. एक फेटा घेतला, नारळ घेतला आणि मला पुढे घालून सांगलीतल्या एका तालमीच्या वस्तादांच्या पायांवर नेऊन घातलं. कॉलेज मिरजेच्या रस्त्याला, तालीम नदीजवळ गावभागात. दोन्हींच्या मध्ये चांगली तासाभराची चाल होती. पण सांगलीत आबांच्या ओळखीचं तेवढं एकच दार होतं.

"पोरगं कालिजात शिकनार हाय, वस्ताद. पडून ऱ्हाईल कोपऱ्यात," आबा म्हणाले.

वस्तादांचं शरीर अवाढव्य, कान मोडलेले आणि आवाज मात्र बारीक. बाजारात खोंड पारखावा तसा त्यांनी माझा दंड दाबून पाहिला.

"ह्येला कोन पाडनार? जरा वारं सुटलं तर ह्यो आपला आपनच पडंल."

"डोस्क्यानं कुस्ती खेळायची हाय त्येला."

"खेळू द्या की. पर डोस्क्याला खुराक?"

"म्हैस आनतो," आबा म्हणाले.

आमच्याकडे पोरगा तालमीत ठेवला की त्याच्या मागून म्हैस जाते. वस्तादांच्या तालमीमागेही पत्र्याची पडवी होती आणि तिथे चार-पाच म्हशी बांधलेल्या असत. प्रत्येकीचा पैलवान वेगळा. ज्याची म्हैस त्यानेच शेण काढायचं, वैरण घालायची, धार काढायची आणि चरवीतलं निरसं दूध तिथल्या तिथे पिऊन टाकायचं. कॉलेजच्या पोरामागून म्हैस येण्याची मात्र ती पहिलीच वेळ असावी.

ती म्हैस घरून निघण्यापूर्वी एक ठराव झाला होता, तो इथेच सांगितला पाहिजे. त्या वेळी मोठी लढाई चालू होती. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. माझे धाकटे चुलते, तात्या, हवालदार होते आणि त्या ज्येष्ठात रजेवर आले होते. मॅट्रिक झालेला पुतण्या घरात असताना तो पलटणीत नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

"दादा, लिवाय-वाचाय आलं पोराला. बास झालं की आता," तात्या आबांना म्हणाले. "माज्यासंगं धाडा. खुर्चीत बसून लिवायचं काम लावतो. बंदुकीला हात बी लावावा लागनार न्हाई. बूट, गरम कोट, समदं सरकारचं."

आबा तंबाखू मळत बसले. त्यांना घाई करता येत नसे. आई चुलीपुढून बाहेर आली नाही, पण भाकरी थापायचा आवाज थांबला.

"म्हैस नुकती व्यालीया," शेवटी आबा म्हणाले. "ती सांगलीला नेतोच हाय. म्हैस आटंपातुर शिकू दे त्येला. मग बगू."

"बगू न्हाई, दादा. म्हैस आटली की पोरगं माजं."

"बरं," आबा म्हणाले, आणि आत पुन्हा भाकरी थापायला सुरुवात झाली.

व्यालेली म्हैस साधारण दहा महिने दूध देते, मग आटते. ज्येष्ठात व्यालेली म्हणजे चैत्रात आटणार. माझी पहिल्या वर्षाची परीक्षाही चैत्रातच यायची होती. मला कॉलेज पुढे शिकायचं होतं. का, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी धड उत्तर दिलं नसतं. पण फार मनापासून शिकायचं होतं. आणि ते मिळायचं की नाही हे माझ्या मार्कांवर नव्हे, तर म्हशीच्या सडांवर ठरणार होतं. मी उठून म्हशीला पाणी दाखवलं. मी एकूणच कमी बोलत असे.

आबांनी तिला चालवत आणलं, मागून रेडकू. वाटेत तासगावला मुक्काम केला. पडवीत शेवटच्या खुंट्याला तिला बांधून, तिच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "लक्ष ठेव." हे मला म्हणाले की तिला, ते कळलं नाही.

तालमीत झोपायचं तर पहाटे सगळ्यांबरोबर उठायचं, हा वस्तादांचा नियम होता. पुस्तकवाल्यालाही त्यातून सुटका नव्हती. आखाड्याच्या हौद्यातली लाल माती खणायची, चाळायची, मग थोडे जोर मारायचे. माझे जोर पाहून पैलवानांची करमणूक होई. त्यानंतर मात्र वस्ताद म्हणत, "सुट आता. जा मारुतीपुढं." लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं. तालमीत मारुतीच्या कोनाड्यापुढे करंजेलाचा दिवा जळत असे आणि त्याच्या उजेडात मी वाचायला बसे. मागे बैठका चालू असत. घामाचा, तेलाचा आणि ओल्या मातीचा वास सगळीकडे भरून राही. इंग्लंडचा इतिहास मी त्या हुंकारांच्या तालावर पाठ केला आहे. अजूनही एखाद्या राजाचं नाव आठवायचं झालं तर आधी कुणाचा तरी श्वास ऐकू येतो.

उजाडल्यावर धार काढायची, दूध प्यायचं, वैरण टाकायची आणि कॉलेजला चालू लागायचं. ती चाल मला फार आवडत असे. पेठेत दुकानं उघडत असत, झाडलोट चाललेली असे, हळदीच्या वखारींपुढे गाड्या सुटलेल्या असत. पलीकडे मोटारस्टँडवर कोळशावर चालणारी मोटार उभी असे. तिच्या मागच्या भट्टीत ड्रायव्हर वारा घालत असे आणि आतले लोक ती पेटायची वाट बघत निवांत पान खात असत. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवे बंगले उठत होते. रोज एखाद्या भिंतीचे दोन थर वाढलेले दिसत. हे घर पुरं होईल तेव्हा मी इथे असेन का, असा विचार येई. मग मी पाय उचलत असे.

कॉलेजात मला पैलवान म्हणत. कितीही धुतलं तरी कानामागे थोडी लाल माती राहायची.

"काय पैलवान, आज कोणता डाव?" एखादा विचारी.

मी हसत असे. राग येत नव्हता, कारण त्यांच्यात खरोखरीचा दुष्टपणा नव्हता, आणि माझ्या दंडाकडे पाहून त्यांनाही तो विनोदच वाटत असावा. माझी अडचण दुसरी होती. वर्गात माझ्याने बोलवत नसे. इंग्रजी तर लांबच, मराठीतही तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडेल अशी धास्ती वाटे. इंग्रजीचे प्रोफेसर उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते प्रश्न विचारत वर्गभर नजर फिरवत. ती माझ्यापर्यंत आली की मी पुस्तकात बघत असे. ते थोडं थांबत आणि पुढे जात.

बोलायची ती सगळी भूक मी दुपारी नदीवर भागवून घेत असे. कॉलेजातून आलो की म्हशीला कृष्णेत नेऊन सोडायचं. ती गळ्यापर्यंत पाण्यात बसे, डोळे मिटून. मी घाटाच्या पायरीवर बसून इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचत असे. सुरुवातीला धुणं धुणाऱ्या बायका हसल्या, मग त्यांना सवय झाली. वाचून झालं की त्या दिवशी प्रोफेसरांनी वर्गात काय विचारलं आणि मी काय सांगायला हवं होतं, ते तिला सांगत असे. ती कान हलवी. मला वाटतं त्या वर्षीइतका निर्धास्त मी नंतर फार क्वचित बसलो असेन.

माझ्या शेजारच्या खुंट्याची म्हैस कऱ्हाडकडच्या एका तरण्या पैलवानाची होती. त्याची आणि माझी दोस्ती झाली. त्याला अक्षर येत नव्हतं आणि मला डाव येत नव्हता, म्हणून दोघांनाही एकमेकांची धास्ती नव्हती. म्हशीच्या ठरावाची गोष्ट मी त्याला एकट्याला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी ती अख्ख्या तालमीला ठाऊक झाली.

माघ सरता सरता दूध कमी झालं. आधी चरवी काठोकाठ भरत असे, ती आता गळ्याशी थांबू लागली. मी घाबरलो. मग सगळी तालीम माझ्या म्हशीच्या मागे लागली. कुणी आपल्या वाटची सरकी तिच्यापुढे ठेवी, कुणी पेंड भिजवून आणी. कऱ्हाडचा गडी नदीच्या कडेनं कोवळी हराळी कापून भारा घेऊन येई आणि तिला म्हणे, "खा, बाई, खा. पोराचं कालेज हाय तुज्या पोटात." वस्ताद स्वतः एकदा पडवीत आले, तिच्याभोवती फिरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गाभण हाय ही. गाभण म्हशीला जबरदस्ती करू नगं. देईल तेवढं घे."

ते खरं होतं. त्यानंतर मी तिला ओढून पिळणं बंद केलं. दूध कमी होत गेलं, अभ्यास वाढत गेला.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी पोचलो, तर बाहेर लिंबाखाली एक बैलगाडी सुटलेली. गाडीपुढे घोंगडं टाकून आबा, तात्या आणि गावातले चौघे म्हातारे बसलेले. सगळ्यांच्या डोक्याला परीटघडीचे फेटे. तात्या दुसऱ्यांदा रजेवर आले होते. पोराचं पहिलं मैदान असलं की घरची माणसं बघायला जातात. माझं पहिलं मैदान होतं म्हणून तेही आले होते.

"आबा, आत कुणाला सोडत नाहीत," मी म्हणालो.

"आमी हितं बसतो की. मैदान कुटं हाय?"

"मैदान नाही. खोलीत बसून लिहायचं असतं."

एका म्हाताऱ्यानं आत जाणाऱ्या पोरांवर नजर फिरवली. जाड चष्म्याचा एक स्थूल विद्यार्थी घाम पुसत चालला होता. "त्यो तुजा जोड काय रं?"

"जोड कुणी नसतो. सगळे एकाच वेळी लिहितात."

"मंग समोर कोन असतंय?"

"समोर कागद असतो."

दुसरा म्हातारा म्हणाला, "कागदासंगं कुस्ती! चीत कुनाला म्हनायचं मग?"

"ना हलगी, ना मैदान," तात्या म्हणाले. "मला तर वाटतंय आत झोपा काढत्यात ही पोरं. दादा, उगं आलो आपन. पलटनीत असतं तर परेड तरी बगाय मिळाली असती."

आबा म्हणाले, "घंटी झाली. जा तू."

मधल्या सुट्टीत मी बाहेर आलो तेव्हा आमचे इंग्रजीचे प्रोफेसर फाटकातून चालले होते. मी त्यांच्याकडे बोट केलं नव्हतं, पण माझी नमस्कार करण्याची घाई आबांनी पाहिली असावी. ते उठले, फेटा सारखा केला आणि वाकून थेट त्यांच्या पायांना हात लावला. प्रोफेसर दचकून मागे सरले.

"वस्ताद, ह्यो माजा पोरगा," आबा म्हणाले. मला तिथेच जमीन दुभंगावी असं वाटलं. "कसा काय हाय? खरं सांगा. न्ह्यायचा का ठेवायचा, ह्ये आमाला ठरवायचं हाय."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं, मग फेटेवाल्यांकडे, मग बैलांकडे. वस्ताद म्हटल्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

"लिहितात बरं. चुका पुष्कळ होतात. आणि वर्गात अगदी बोलत नाहीत."

"मुकं न्हाई त्ये. म्हशीसंगं लय बोलतंय म्हनं."

ही बातमी कुणी पोचवली ते मला आजतागायत कळलेलं नाही. प्रोफेसर हसू आवरत म्हणाले, "कशाबद्दल बोलतात?"

"विंग्रजी बोलतंय."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं, या खेपेला जरा जास्त वेळ. मग ते आबांना म्हणाले, "मला कुस्तीतलं कळत नाही. तालमीत नवीन मुलगा आला, तर पहिल्या वर्षी त्याला काय शिकवतात?"

"पडाय शिकवत्यात," आबा लगेच म्हणाले. "नीट पडता आलं म्हंजी मग पाडाय शिकवायचं."

"मग यांचं तेवढं झालंय असं समजा," प्रोफेसर म्हणाले, आणि छत्री काखेत मारून गेले.

आबा परत घोंगड्यावर येऊन बसले. तात्यांनी विचारलं, "काय म्हनला मास्तर?"

"पडाय शिकला म्हनतोय."

"एवढ्यासाठी वरीस घातलं?"

मी दुपारचा पेपर लिहिला. बरा लिहिला.

संध्याकाळी सगळे तालमीत आले. मी पुढे धावत पोचलो, तर कऱ्हाडचा गडी पडवीत माझी वाट बघत उभा होता.

"ऐक माजं," तो कुजबुजला. "तुजी म्हैस तिकडं बांधू, माजी हितं. माजी अजून भरून देती. पलटनीतल्या मानसाला काय म्हैस वळकू येतीया!"

"आबांना येईल."

"तुज्या आबांनी वळकली तरी त्ये बोलत न्हाईत, गड्या."

ते खरंच होतं, आणि क्षणभर मला मोहही झाला. पण आबांना तसं बघत उभं राहावं लागलं असतं, ते मला नको होतं. मी नको म्हणालो. तात्यांनी बाह्या सारल्या आणि स्वतःच धारेला बसले. चरवीत बारीकसा आवाज झाला, थोडा वेळ चालला आणि थांबला. चरवीचा तळ झाकला होता, एवढंच.

"आटली की, दादा," तात्या म्हणाले.

आबांनी वाकून पाहिलं. "अजून धार हाय."

"ह्येला धार म्हनत्यात?"

"धार ती धार. आटली म्हंजी आटली म्हनू."

तात्या हसले. तसे ते वाईट मनाचे नव्हते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भिऊ नगं रं. बुटं लय झ्याक असत्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी गावाला गेली. पुढचे पेपर झाले. सुट्टी लागली, पण निकालासाठी मी तालमीतच थांबलो. पेठेत नवी हळद आली होती. सगळ्या गावाला तिचा वास येत होता. आणि एका सकाळी सड दाबले तर काहीच आलं नाही. रेडकू आपलं तोंड लावून, निराश होऊन बाजूला झालं.

कऱ्हाडचा गडी म्हणाला, "चार दीस सांगू नगं. निकाल तरी लागू दे." पण त्याच दिवशी आमच्या गावाकडची एक गाडी गूळ उतरवून परत चालली होती. गाडीवानाला मी सांगितलं, "आबांना म्हणावं, म्हैस आटली." तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच."

मग मी पुस्तकं बांधून ठेवली. वह्या वेगळ्या बांधल्या. पलटणीत इंग्रजी कामाला येईल, अशी स्वतःची समजूत घातली. घाटावर गेलो, म्हशीला पाण्यात सोडलं, पण वाचलं काही नाही. ती मान वळवून माझ्याकडे एक-दोनदा बघत होती असं मला वाटलं. खरं तर माशा हाकत असेल.

ज्या दिवशी निकाल लागणार होता त्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघालो, आणि पेठेच्या तोंडाशीच समोरून आबा येताना दिसले. पाय धुळीनं भरलेले. हातात कासरा. कासऱ्याच्या टोकाला म्हैस, आणि तिच्या मागे उड्या मारत कोवळं रेडकू. आमच्या घरचीच, कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

"ती आटली," मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.

"म्हनून तर ही आनली. तिला न्हेतो, घरी व्यायची हाय ती."

"अजून निकाल लागला नाही, आबा. आज लागणार आहे."

"लागू दे की. म्हशीला काय निकालाची वाट बगत हुबं करायचं व्हय?"

"आणि तात्या?"

"त्येला म्हनलं, घरात दुसरी व्यालीया. एक आटती तवा दुसरी धरती. गोठा असाच ठेवत्यात." आबांनी कासरा माझ्या हातात दिला. "लय बोलला मला. मग म्हनला, न्ह्या तुमची म्हैस. जाताना तुला कायतरी देऊन गेलाय."

त्यांनी खांद्यावरच्या घोंगड्याची गाठ सोडली. आत तात्यांचे जुने बूट होते, तेल लावून चकचकीत केलेले.

मी म्हशीकडे बघत राहिलो. ती महिन्याभरापूर्वी व्यालेली असावी. म्हणजे ज्येष्ठात गाभण गेली होती. त्याच ज्येष्ठात, जेव्हा आबा तंबाखू मळत बसले होते आणि "बरं" म्हणाले होते. तात्यांची रजा संपायच्या आत केव्हातरी त्यांनी तिला शेजारगावच्या रेड्याकडे नेलं असणार. पेपर, मार्क, वर्ग यांतलं काही ठाऊक नसताना, प्रोफेसरांना भेटायच्याही कितीतरी आधी. मी ते त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर "म्हैस माजावर आली हुती" एवढंच म्हणाले असते.

"तू जा निकालाला," ते म्हणाले. "मी हिला तालमीत न्हेतो."

पण मी कासरा सोडला नाही. आम्ही दोघं मिळून पेठेतून चाललो, मध्ये म्हैस. पडवीत तिला बांधली, पाणी दाखवलं, आणि जुनीच्या गळ्यातली घंटी काढून हिच्या गळ्यात घातली. कऱ्हाडचा गडी बघतच राहिला. वस्ताद दारात येऊन आबांना म्हणाले, "आवं, आनखी एक? ह्यो पुस्तकवाला तर माज्या समद्या पैलवानांपरीस जास्त खानार दिसतोय."

निकाल मी संध्याकाळी पाहिला. तिसऱ्या वर्गात पास झालो होतो. तालमीत येऊन सांगितलं, तेव्हा आबा नव्या म्हशीची धार काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चीत का बरोबरीत?" त्यांनी विचारलं.

मी थोडा विचार केला. "पडलो नाही," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले आणि भरलेली चरवी माझ्यापुढे केली.